दोनदा मोडीत काढलेली जीप

आमच्या जीपला सरकारनं एकदा मोडीत काढलं, ते आमच्या पथ्यावर पडलं. दुसऱ्यांदा काढायला निघालं तेव्हा मी आडवी आले. या दोन्हींच्या मधली तीसएक वर्षं मी त्या जीपसोबत काढली आहेत, म्हणून हे मीच सांगितलेलं बरं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्यात एक तर नुसता कायदा येईल, नाहीतर नुसता धूर.

अब्बा डिझेल पंपाचे मिस्त्री होते. लातूरला गंजगोलाईच्या मागं दोन गल्ल्या सोडून आमचं पत्र्याचं दुकान होतं. ट्रॅक्टर, ट्रक, विहिरीवरची इंजिनं, ज्याच्या पोटात डिझेल जातं त्याचा पंप आणि नोझल अब्बांच्या हाताखालून जायचे. आम्ही दोघी बहिणी. थोरलीला दुकानाच्या वासानं मळमळायचं, मला तो वास आवडायचा. शाळेतून आले की दप्तर टाकून मी नोझल तपासायच्या हातपंपापाशी बसायची. दांडा दाबला की नोझलच्या तोंडातून डिझेल यायचं. नोझल चांगलं असेल तर धुक्यासारखं, खराब असेल तर थेंब थेंब.

"धुकं आलं तर जळतं," अब्बा म्हणायचे. "थेंब आला तर धूर होतो. बाकी सगळी मिस्त्रीगिरी यातच आली."

घरात आम्ही दखनी बोलायचो, इथं मी त्यांचं बोलणं मराठीत लिहितेय.

मी बाराची असताना नांदेडला एका सरकारी खात्याच्या आवारात जुन्या गाड्यांचा लिलाव झाला. अब्बा गेले आणि एक जीप घेऊन आले. घेऊन आले म्हणजे ट्रकच्या मागं साखळीनं बांधून ओढत आणली. मूळची पेट्रोलची होती. टपाचं कापड चिंध्या झालेलं, मागच्या बाकाखाली मातीत चक्क गवत उगवलेलं. कागदावर शिक्का होता: वापरण्यास अयोग्य. मोहल्ला दारात उभा राहून हसत होता. शेजारच्या चाचांनी विचारलं, "मिस्त्री, याच्यात कोंबड्या पाळणार का?"

अब्बांनी ती आठ महिने दुकानात ठेवली. अपघातातल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन मिळालं, ते बसवलं. इंजिन बदलल्याची नोंद गाडीच्या पुस्तकात रीतसर करून घेतली, त्यावर शिक्का मारून घेतला. अब्बांना कागदाची फार कदर. मी त्या आठ महिन्यांत अब्बांच्या हातात नेमके पाने द्यायला शिकले, डिझेलच्या नळीत हवा गेली तर ती काढायला शिकले, आणि संध्याकाळी शाळेच्या मोकळ्या मैदानावर गाडी चालवायलाही शिकले. तिचे गिअर हट्टी होते. क्लच एकदा दाबून भागायचं नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, आणि आवाज बरोबर लागला की दांडा आपोआप आत जायचा. अब्बांच्या ओळखीच्या भल्याभल्या ड्रायव्हरांना ते जमलं नाही. मला जमलं.

मग गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जमीन हलली.

लातूर शहरात आमच्या फडताळातली भांडी पडली, एका भिंतीला चीर गेली, एवढंच. पण उजाडता उजाडता किल्लारीच्या बाजूनं पहिली माणसं आली आणि त्यांच्या अंगावरची पांढरी माती बघून कुणाला काही विचारायची गरज राहिली नाही. अब्बांनी जीपमध्ये पाण्याचे कॅन भरले आणि निघून गेले. त्यातच पाऊस सुरू झाला. मोठ्या गाड्या चिखलात रुतू लागल्या. चारी चाकं ओढणारी आमची जीप मात्र गावांच्या आतपर्यंत जात होती. तिसऱ्या दिवशी एक अधिकारी दुकानात आले. गाडी मदतकार्यासाठी हवी म्हणाले.

"घ्या की," अब्बा म्हणाले. "तुमचीच हाय, साहेब. तुमच्याच खात्यानं अयोग्य म्हणून विकली होती."

साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. काचेवर मदतकार्याचा कागद चिकटवला आणि गेले.

चौथ्या दिवशी एका गावात पडलेली तुळई उचलताना वरून दगड घसरला आणि अब्बांचं उजवं मनगट मोडलं. मदतछावणीतल्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. दुसऱ्या कुणी जीप चालवून बघितली तर गिअर किंचाळायचे. संध्याकाळी कुणाच्या तरी ट्रकमधून अब्बा घरी आले आणि मला म्हणाले, "उद्या माझ्यासोबत चल."

अम्मी उठून उभी राहिली. "पोरगी आहे. पंधराची आहे."

"तिला गिअर पडतात," अब्बा म्हणाले. "बाकी कुणाला पडत नाहीत."

सकाळी छावणीवर त्याच अधिकाऱ्यांनी आम्हांला पाहिलं. अब्बांचा हात गळ्यात.

"ड्रायव्हर कोण?"

"मीच, साहेब."

"आणि ही?"

"हा माझा उजवा हात."

मी तीन आठवडे ती जीप चालवली. क्लचपर्यंत पाय पुरावा म्हणून पाठीमागं घडी केलेली गोधडी ठेवायची. मोठ्या रस्त्यावर पोलीस असायचे. त्यांनी मला पाहिलं, माझ्या शेजारी प्लास्टरातले अब्बा पाहिले, मागं पाण्याची पिंपं पाहिली, आणि प्रत्येक वेळी हात दाखवून पुढं जाऊ दिलं. पाणी, पत्रे, खिचडीची पातेली, औषधं. परतताना माणसं.

एक बाई मला अजून आठवतात. वय साठीच्या पुढचं असावं. पुढच्या सीटवर बसल्या तेव्हा त्यांच्या मांडीवर पाटा होता, मसाला वाटायचा दगडी पाटा. मागं ठेवा म्हटलं तर ऐकेनात. रस्ता असा की आमची डोकी टपाला लागत होती, आणि प्रत्येक खड्ड्याला तो दगड त्यांच्या मांडीवर आदळत होता.

"हळू चालीव गं बाय," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "वरवंटा सापडंना."

"सापडेल, आजी."

"सून त्येच्यावरच वाटण करायची."

सून कुठं आहे हे मी विचारलं नाही. मी जीप दुसऱ्या गिअरवर टाकली आणि छावणी येईपर्यंत त्याच गिअरवर ठेवली. पंधरा वर्षांच्या पोरीला करता येण्यासारखं तेवढंच होतं. उतरताना त्यांनी माझ्या गालावर हात फिरवला आणि दगड उराशी धरून पत्र्याच्या शेडकडं चालत गेल्या.

त्यानंतर मला कुणी विचारलं, गाडी म्हणजे तुला एवढं काय वाटतं, तर मी त्या पाट्याची गोष्ट सांगते.

लग्न नांदेडला झालं. चार वर्षांनी मी परत आले. का, ते इथं सांगायचं नाही. ती गोष्ट माझ्या एकटीची नाही. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. अब्बा फक्त एवढंच म्हणाले, "हातोडी जिथं ठेवून गेलीस तिथंच आहे."

मी दुकानात उभी राहिले. आधी गिऱ्हाइकं अब्बांना शोधायची. नंतर मिस्त्रीची पोर म्हणू लागली, आणि पुढं नुसतंच मिस्त्रीण. तोवर लातूर बदलत होतं. आमच्या शाळेच्या मैदानाच्या बाजूला एक क्लास निघाला, मग दुसरा, मग गल्लीच्या गल्ली क्लासची झाली. दहावीला भरपूर मार्क मिळालेली पोरं-पोरी कुठून कुठून ट्रंका घेऊन उतरत होती. घरमालकांनी गच्च्यांवर खोल्या चढवल्या. जिथं भुईमुगाची पोती रचलेली असायची तिथं खानावळी आल्या. सकाळी साडेपाचला रस्त्यावर सायकली आणि पाठीवर दप्तरं. मुलींची वसतिगृहं लांब होती, आणि वाटेत उभी राहणारी टवाळ पोरं काही कमी नव्हती.

मुरुडचे एक शेतकरी ट्रॅक्टरचा पंप घेऊन दुकानात आले होते. मी पंप खोलून बसले होते. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "माझी पोर इथं क्लासला हाय. खोली लांब पडून राहिली. तुमी जीपनं नेता-आणता का?"

"मी?" मी म्हणाले. "बाई चालवणार, चालेल तुम्हांला?"

"बाई हाय म्हणूनच देतो की. गड्याच्या हवाली कशाला करू?"

अशी सुरुवात झाली. महिन्याभरात आठ मुली झाल्या. मी परवाना काढला, प्रवासी नेण्याचा बिल्ला काढला. बिल्ल्यासाठी गेले तेव्हा खिडकीतल्या माणसानं दोनदा विचारलं, अर्जदार कुठं आहेत. मी दोनदा सांगितलं, समोर उभी आहे. मुली मला आपा म्हणायच्या. मागच्या बाकांवर त्या शरीरातल्या हाडांची नावं पाठ करायच्या, तेव्हा मीही सोबत पाठ करायची. त्यांच्यातल्या कितीतरी जणी डॉक्टर झाल्या. एकीनं पुढं अम्मीचे मोतीबिंदू काढले आणि मला ऑपरेशनच्या खोलीत आत घेऊन गेली, म्हणाली, "आपा, बघा."

पण सगळं गोड नव्हतं आणि मला ते लपवायचं नाही. इस्लापूरकडची एक मुलगी होती, सडपातळ, पोटात शब्द न ठेवणारी. तिला दम लागायचा. ती नाकाला ओढणी लावून बसायची. एक दिवस उतरताना थांबली.

"आपा, तुम्ही चांगल्या हात. पण तुमची गाडी लई वाईट धूर करून राहिली. मला अभ्यासाला बसलं की छाती भरते."

मला राग आला. ज्या गाडीनं किल्लारीची माणसं ओढली तिला ही काल आलेली पोर वाईट म्हणते! दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चारही नोझल काढून तपासली. दोन ठिबकत होती. गिऱ्हाइकांची नोझल रोज बघणाऱ्या मी माझ्याच गाडीची वर्षभर बघितली नव्हती. दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला पुढं माझ्या शेजारी बसवलं आणि सांगितलं, "तुझं बरोबर होतं." ती लाजली. पण ओढणी काही नाकावरून काढली नाही.

काही वर्षांनी नियम आला की इतक्या जुन्या गाडीतून विद्यार्थ्यांची ने-आण करायची नाही. तो मी मानला. पोरींचा जीव आहे, आणि जीपला दारं नव्हती, पट्टे नव्हते. त्यांच्यासाठी मी आधी छोटी व्हॅन घेतली आणि पुढं बॅटरीची रिक्षा. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर मला लोक म्हणाले की हिला नवं काही सोसत नाही. बॅटरीची रिक्षा आमच्या गल्लीत सर्वांत आधी माझ्याकडं होती. ती मला आवडते. सकाळी आवाज न करता जाते, आणि पोरी मागं पुटपुटत असतात ते सगळं ऐकू येतं.

जीप दुकानाच्या कामाला राहिली. शेतात बंद पडलेला ट्रॅक्टर दुकानात येऊ शकत नाही, दुकानालाच त्याच्याकडं जावं लागतं. पंप काढायची हत्यारं, तेलाचे डबे, शिकंजा, सगळं तिच्या पोटात. पावसाळ्यात काळ्या मातीतून ती जिथवर जायची तिथवर बैलगाडीही जात नव्हती.

मग बातम्या यायला लागल्या. जुन्या पेट्रोल-डिझेल गाड्या रस्त्यावरून काढणार. पंधरा वर्षांवरच्या गाड्या मोडीत घालणार. पुढं तर सगळंच विजेवर. दुकानात चहा पिता पिता लोक वाचून दाखवायचे. कुणी म्हणे दिल्लीत तर पंपावर डिझेलच देणार नाहीत. माझ्या जीपच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. आरटीओच्या फाटकाबाहेरच्या एजंटानं गाडीचं पुस्तक चाळलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"आपा, हिचं आता काही होत नसतं. बंदच केल्यात असल्या. मोडीत द्या, दाखला मिळेल, नव्या गाडीवर सूट मिळेल. मीच करून देतो सगळं."

"बंद केल्यात म्हणून कुठं लिहिलंय?"

"लिहायचं काय त्यात? धोरणच आहे."

मी फाटकातून आत गेले. तपासणी करणारे अधिकारी तरुण होते, बोलणं अदबीचं. पुस्तकातलं साल बघून त्यांनी मान वर केली.

"मॅडम, ही गाडी माझ्यापेक्षा मोठी आहे."

"मग मान द्या तिला."

ते हसले. पण कागद बाजूला ठेवू लागले. "खरं सांगू का, कशाला खटाटोप करता? धोरण बघा. जुनी वाहनं कमी करायची आहेत."

"साहेब, मला एक सांगा. सरकारला जुनी गाडी नको आहे, का धूर नको आहे?"

"दोन्ही एकच झालं ना."

"एकच असतं तर धूर मोजायचं मशीन कशाला ठेवलंय? नुसतं साल बघून घरी पाठवलं असतंत."

मागं रांगेत रिक्षावाले होते, ते पुढं सरकून ऐकू लागले. मी पुढं बोलत राहिले, आवाज चढला असेल. "जुनी म्हणून मोडीत घाला असं कायद्यात असेल तर मला दाखवा, मी किल्ली इथं ठेवून चालत जाते. आणि तपासून ठरवायचं असं असेल तर तपासा. नापास झाली तर तसं लिहून द्या. पण न बघता नाही म्हणायचं नाही. ही गाडी एकदा न बघता अयोग्य ठरवून झालीय."

त्यांनी नियमांची फाइल काढली. मनापासून वाचली, हे मी सांगितलं पाहिजे. मग म्हणाले, "ठीक आहे. खासगी गाडी आहे, तपासणीत पास झाली तर पाच वर्षं मिळतात. आणा आत."

मशीनची नळी धुराड्यात घातली. त्यांनी सांगितलं तसा मी पाय दाबला, सोडला, दाबला, सोडला. कागद निघाला.

जीप नापास झाली.

रिक्षावाल्यांपैकी कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "दुरुस्त करून पुन्हा आणू शकता," म्हणाले. "मुदत आहे अजून." मी तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि ताठ मानेनं गाडी फाटकाबाहेर काढली. कोपरा ओलांडल्यावर मात्र गाडी बाजूला घेऊन बसून राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं नव्हे, शरमेनं. एवढ्या लोकांसमोर मशीनची भाषा मीच काढली होती, आणि मशीननं मला उत्तर दिलं होतं.

अब्बा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. दिसणं जवळजवळ गेलं होतं. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकांना नावं ठेवायचे. मी कागद वाचून दाखवला.

"खुर्ची जीपपाशी ने," ते म्हणाले. "आणि सुरू कर."

त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, कान खाली केला. मला एकेका नोझलची नळी सैल करायला सांगितली, म्हणजे ते बंद पडल्यावर इंजिनाचा आवाज किती बदलतो ते कळतं. पहिली, दुसरी. तिसरी सैल केली तेव्हा ते म्हणाले, "हे अर्धंच काम करतं. पण एवढा धूर याचा नाही." मग माझ्याकडं तोंड वळवलं. "पंपाचा स्क्रू कुणी वाढवला?"

मी पाना फडक्यानं पुसू लागले.

"तूच ना?"

"ओढ कमी पडत होती, अब्बा. चिखलात हत्यारांचं ओझं असतं."

"ओढ कमी पडत होती म्हणून तिला जास्त पाजलंस. ती जळेल तेवढंच पिते. बाकीचं लोकांच्या छातीत जातं." मग म्हणाले, "भांडायला गेलीस ते चांगलं केलंस. पण भांडायला जाताना आपलं घर झाडून जावं."

आम्ही चार दिवस ते इंजिन खोललं. म्हणजे मी खोललं, ते खुर्चीवरून सांगत होते. नोझल बदललं. पंप काढून तपासणीच्या बाकावर चढवला, चारी तोंडांतून सारखं डिझेल येतं का ते नळीत मोजून बघितलं, स्क्रू मूळच्या खुणेवर आणला आणि त्याला तारेनं सील केलं. हवेची जाळी बदलली. ब्रेक आवळले, दिव्यांचे झोत भिंतीवर खूण करून सरळ केले. अम्मी दुपारी भाकरी घेऊन आली की म्हणायची, "बाप-लेकीनं पुन्हा कोंबड्यांचं खुराडं उघडलं."

पाचव्या दिवशी मी पुन्हा रांगेत होते. अब्बांना शेजारी बसवलं होतं. तेच अधिकारी. त्यांनी आधी ब्रेक बघितले, मग दिवे, हॉर्न, टायर, सगळं, काही सोडलं नाही. मला ते आवडलं. मग नळी घातली. मी पाय दाबला, सोडला. अब्बा डोळे मिटून ऐकत होते.

कागद निघाला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"पास," ते म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "माझ्या घरच्या गाडीचा आकडा यापेक्षा वाईट आहे."

"दुकानात घेऊन या," अब्बा म्हणाले. "बघतो."

सही करताना साहेब मला म्हणाले, "पाच वर्षं दिली. पुढच्या वेळेला नियम काय असतील, मी शब्द देत नाही."

"मी कुठं मागितला?" मी म्हणाले. "पुढच्या वेळीही तपासा. बस."

फाटकाबाहेर तो एजंट उभा होता. त्यानं अंगठा दाखवून काय झालं असं विचारलं. मी त्याच्या बाजूनं गाडी मुद्दाम सावकाश नेली, कागद त्याला दिसेल असा काचेला लावून.

अब्बा त्यानंतर दोन पावसाळे राहिले. जीप अजून आहे. चढावर ती पूर्वीसारखी ओढत नाही, अहमदपूरच्या घाटात मागचे लोक हॉर्न वाजवतात. वाजवू देत. मला ठाऊक आहे, एक दिवस डिझेलची गाडी दिसणं बंद होईल, आणि होऊ दे. माझ्या रिक्षातल्या पोरींची फुप्फुसं मला माझ्या इंजिनापेक्षा जवळची आहेत. पण जो तिला हटवेल त्यानं आधी खाली वाकून धुराड्याशी नाक न्यावं, शेतापर्यंत रस्ता आणावा, आणि तिथं वीज कधी येते ते सांगावं. नुसतं साल वाचून कुणी मला आणि तिला मोडीत काढायचं नाही. मीही आता काही कमी जुनी नाही.

जीप पास झाली त्या दिवशी आरटीओवरून आम्ही घरी गेलोच नाही. मुरुडच्या अलीकडच्या शिवारातून सकाळपासून फोन येत होते. सोयाबीनची मळणी चाललेली आणि ट्रॅक्टर बंद पडलेला. आभाळ भरून आलं होतं. मोठी गंजी ताडपत्रीखाली होती, बायका ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवत होत्या. शेताच्या मालकीणबाई बांधावर उभ्या होत्या. जीप दिसताच त्यांनी पदर खोचला आणि ओरडल्या, "लई उशीर केला गं मिस्त्रीण! पाऊस येऊन राहिला."

"कामात होते, मावशी."

"कसलं काम?"

"सरकारी."

"ते काय कुटं पळून जातंय? ये, हिकडून ये, तिकडं चिखुल हाय."

मी अब्बांना बाभळीखाली बसवलं, हत्यारांची पेटी उतरवली आणि ट्रॅक्टरच्या डिझेलच्या नळीला पाना लावला. नळीत हवा होती. वीस मिनिटांत मळणी सुरू झाली.